श्वास रोखायचा की चालू ठेवायचा?

मालवण-तारकर्लीच्या शांत, उथळ समुद्रात हवेची टाकी घेऊन प्रथमच उतरणाऱ्याला एक नियम बजावून सांगितला जातो : पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही. मोती काढणारे पाणबुडे तर शतकानुशतके श्वास रोखूनच बुडी मारत आले. मग हा नियम उलटा का झाला? थोडे इतिहासात डोकावू या.

पाण्याखाली हवा मिळवण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे नळी. हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना ॲरिस्टॉटलने पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे. आजचे स्नॉर्कल ही तशीच नळी; पण तिची लांबी जेमतेम 30-40 सें.मी. असते. ती दोन मीटर का नसावी? एक मीटर खोलीवर पाणी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 100 ग्रॅम जादा भार टाकते. नळीतली हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची. त्यामुळे छाती फुगवणे फार कठीण होते.

म्हणजे खोल जायचे तर हवाही तेथल्या पाण्याइतक्याच दाबाची हवी. 1691 मध्ये एडमंड हॅलीने, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनेच, पाण्यात सोडलेल्या घंटेत पिंपांतून ताजी हवा पुरवली. 1860 च्या दशकात रूकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंचांनी श्वास घेताच हवा सोडणारी झडप बनवली. पुढे युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालत. त्यांच्यासाठी केलेल्या झडपेत एमिल गान्यान याने जाक-ईव्ह कुस्तो याच्यासाठी बदल केले. 1943 मध्ये त्यांचे ‘ॲक्वालंग’ तयार झाले आणि पाणबुड्या वरच्या नळीपासून मोकळा झाला.

आता बॉइलचा नियम आठवा. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. वरून सहा लीटर हवा छातीत भरून गेलेल्या मोती काढणाऱ्याच्या फुप्फुसांत ती तीन लीटर उरते. वर येताना पुन्हा सहा होते. धोका नाही. टाकीवाला मात्र तळाशीच सहा लीटर हवा घेतो. ती रोखून तो वर आला, तर तिला बारा लीटर जागा हवी! फुप्फुसे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. पाणबुडीतून सुटकेच्या सरावात असे अपघात झाल्याचे अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी 1932 मध्येच नोंदवले होते. आणि यासाठी फार खोली लागत नाही. दीड-दोन मीटरही पुरतात, कारण दाबातला सापेक्ष बदल पृष्ठभागाजवळच सर्वांत मोठा असतो. शून्यावरून दहा मीटरला दाब दुप्पट होतो. पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात.

वर्गात सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या दाबून निम्म्यावर आणा, तोंड बोटाने बंद करा आणि मग दट्ट्या बाहेर ओढून पाहा. नंतर अर्धा भरलेला फुगा तोंड बांधून बरणीत ठेवल्यास हवा काढताना काय होईल, हे मुलांना विचारा. बॉइलचा नियम पाठ असणे आणि तो जीव वाचवतो हे कळणे, यांतले अंतर मग आपोआप कमी होईल.