किल्ली कोणाच्या हाती? भारतीय विद्यापीठांतील सामायिक संशोधन-सुविधांचा इतिहास

#धागा

१/
विद्यापीठाची थोरवी सांगताना आपण तेथील विद्वानांची नावे घेतो, पदके मोजतो, क्रमवारी पाहतो. मात्र प्रयोगशाळेच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि ते दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भारतातील संशोधनाचा इतिहास बऱ्याच अंशी या किल्लीचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
आरंभ १८५७ पासून करू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे त्या वर्षी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. अध्यापन महाविद्यालयांत होई. विद्यापीठाने स्वतःची प्रयोगशाळा बाळगावी, ही अपेक्षाच त्या रचनेत नव्हती.

३/
म्हणून पहिली खुली प्रयोगशाळा विद्यापीठाबाहेर उभी राहिली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून कलकत्त्याच्या बहूबाजार परिसरात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापली. तेथे व्याख्याने होत, उपकरणेही होती. उणीव होती ती उपकरणे वापरणाऱ्याची.

४/
१९०७ मध्ये वित्त खात्यातील एक तरुण अधिकारी नेमणूक होऊन कलकत्त्यास आला. चंद्रशेखर वेंकट रामन. दिवसा सरकारी हिशेब आणि कचेरीच्या आधी व नंतर प्रयोग, असा क्रम त्याने पुढील दहा वर्षे पाळला. तो कोणत्याही विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. तरीही संस्थेने आपली प्रयोगशाळा त्याच्यासाठी खुली केली.

५/
१९१७ मध्ये रामन कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. परंतु प्रयोगांसाठी ते याच संस्थेत येत राहिले. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध तेथलाच आणि १९३० चे नोबेल त्याचेच. खुल्या दारातून आत आलेल्या एका कारकुनी नोकरदाराने भारतीय विज्ञानाची दिशा बदलली.

६/
या कथेतील दुसरे नाव मात्र क्वचित घेतले जाते. आशुतोष डे हे संस्थेतील साहाय्यक. उपकरणे मांडणे, जुळवणे, दुरुस्त करणे यांत त्यांचा हातखंडा होता. रामन यांच्या काही शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे. सामायिक सुविधा म्हणजे केवळ यंत्र नव्हे. यंत्र जाणणारा माणूसही त्यात येतो, याचा हा पहिला पुरावा.

७/
आता स्वातंत्र्याच्या काळाकडे वळू. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था. नव्या राष्ट्राने मोठ्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळांचा मार्ग निवडला. मेघनाद साहा यांच्यासारख्यांना हे मान्य नव्हते. संशोधन विद्यापीठातच रुजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

८/
या निवडीचे चित्र पुण्यात स्पष्ट दिसते. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये गणेशखिंडीत सुरू झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये शेजारच्या पाषाणात. दोघांत अंतर अगदी थोडे; पण अनुदानाचे स्रोत वेगळे आणि प्रशासन वेगळे. प्रयोगशाळेत काम करणारे अनेक संशोधक पीएच.डी.ची पदवी विद्यापीठाकडून घेत. पदवी एका आवारात, उपकरणे दुसऱ्या आवारात.

९/
या विभागणीची किंमत विद्यापीठांनी मोजली. बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठांत आणि महागडी यंत्रे इतरत्र, अशी स्थिती झाली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) यावर एक उपाय सुचवला: सुमारे सहा ‘प्रमुख विद्यापीठे’ निवडून तेथे सर्वोच्च दर्जाचे संशोधन व पदव्युत्तर शिक्षण एकवटावे. शिफारस त्या रूपात अमलात आली नाही.

१०/
त्या शिफारशीने प्रश्न मात्र नेमका मांडला होता. साधने अपुरी आहेत. मग ती थोड्यांना पुरेशी द्यायची, की सर्वांना मिळून वापरू द्यायची? पुढील तीन दशकांत भारताने हळूहळू दुसऱ्या पर्यायाकडे पावले टाकली. ती कशी, हे पाहू.

११/
पहिले पाऊल १९७० च्या दशकातले. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रे उभारली. पवई येथील आयआयटी, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, मद्रासची आयआयटी, नागपूर विद्यापीठ ही त्यांपैकी काही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा एनएमआर वर्णपटमापक प्रत्येक विद्यापीठाला परवडणे शक्य नव्हते. एका केंद्राने घ्यावा आणि परिसरातील सर्वांनी वापरावा, ही योजना. आज हीच केंद्रे ‘सैफ’ म्हणून ओळखली जातात.

१२/
एखाद्या लहान गावातील रसायनशास्त्राचा विद्यार्थी आपला नमुना बाटलीत घालून, अर्ज व शुल्क जोडून केंद्राकडे धाडी आणि आलेखाची वाट पाही. सोय मोठी होती. तिला एक मर्यादाही होती: नमुना प्रवास करी, विद्यार्थी करीत नसे. आलेख हाती येई; तो काढण्याचे कसब केंद्रातच राही.

१३/
दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. परकीय चलनाच्या टंचाईच्या आणि आयात-परवान्यांच्या त्या काळात एक सुटा भाग मिळेना म्हणून यंत्र बंद राहणे नित्याचे होते. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत उपकरण केंद्रे उभारण्यास साहाय्य केले. ‘यूसिक’ या नावाने ती ओळखली जातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असे केंद्र आहे. उपकरणांची देखभाल व दुरुस्ती आणि त्यासाठी माणसे तयार करणे, हे त्यांचे मूळ काम.

१४/
कलाटणी मिळाली ती कायद्याने. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. १९८४ मध्ये त्याच्या कलम १२ मध्ये एक उपकलम घालण्यात आले. त्यानुसार अनेक विद्यापीठांसाठी सामायिक सुविधा, सेवा व कार्यक्रम पुरवणाऱ्या संस्था आयोगाला स्वतः स्थापन करता येऊ लागल्या. तोवर आयोग मुख्यतः अनुदान वाटणारा होता. आता तो संस्था उभारूही शकत होता. यातून ‘आंतरविद्यापीठ केंद्र’ हा प्रकार जन्मला.

१५/
पहिले केंद्र दिल्लीचे न्यूक्लिअर सायन्स सेंटर, १९८४. आज त्याचे नाव आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र. तेथील पेलेट्रॉन हा दीड कोटी व्होल्ट क्षमतेचा कणत्वरक १९९० च्या दशकाच्या आरंभापासून देशभरच्या विद्यापीठांसाठी चालतो. ही यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात. त्यामुळे यंत्रावरील वेळ हीच खरी संपत्ती ठरते.

१६/
ती संपत्ती वाटायची कशी? संशोधकाने प्रस्ताव लिहायचा, तज्ज्ञांच्या समितीपुढे मांडायचा आणि मंजूर झाल्यास नेमून दिलेल्या पाळ्यांत प्रयोग करायचा. आता नमुन्याबरोबर विद्यार्थीही जाऊ लागला. रात्रपाळीत यंत्र चालवणाऱ्या अभियंत्याशेजारी बसून तो जे शिके, ते कोणत्याही अहवालात लिहून पाठवता आले नसते.

१७/
याच मार्गावरचे पुढचे ठिकाण पुणे. १९८६ ते १९९१ या काळात प्रा. यशपाल आयोगाचे अध्यक्ष होते. खगोलशास्त्रासाठी आंतरविद्यापीठ केंद्राची जबाबदारी डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे आली. केंब्रिजहून १९७२ मध्ये टाटा संस्थेत परतलेले नारळीकर आता राष्ट्रीय संस्थेतून विद्यापीठांच्या विश्वात आले. अजित केंभावी आणि नरेश दधीच हे त्यांचे आरंभीचे सहकारी. १९८८ मध्ये ‘आयुका’ची स्थापना झाली.

१८/
वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. मधोमध कुंड; तेथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे. संस्थेत प्रयोगशाळा, ग्रंथालय व संगणक तर आहेतच. पाहुण्या संशोधकांसाठी निवासही आहे. दूरच्या महाविद्यालयातील अध्यापकाला मुक्कामाची सोय नसेल, तर ग्रंथालय त्याच्यासाठी खुले असूनही बंदच. निवास ही येथे संशोधन-सुविधाच ठरली.

१९/
२८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या हस्ते आयुका राष्ट्रार्पण झाली. चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. काकांनी दुसऱ्यांच्या खुल्या प्रयोगशाळेत बसून नोबेल मिळवले. पुतण्याने, स्वतः नोबेल मानकरी असताना, देशातील सर्व विद्यापीठांसाठी खुल्या असलेल्या संस्थेचे दार उघडले. इतिहासात असे योग कधीकधी जुळून येतात.

२०/
आयुकाची खरी ओळख तिच्या ‘अभ्यागत सहयोगी’ योजनेत आहे. विद्यापीठातील वा महाविद्यालयातील अध्यापकाची सहयोगी म्हणून ठरावीक वर्षांसाठी निवड होते. त्या काळात तो वेळोवेळी पुण्यास येऊन काम करतो. प्रवासाचा व निवासाचा खर्च संस्था उचलते. तो आपली नोकरी सोडत नाही. परतल्यावर तो आपल्याच वर्गात शिकवतो आणि सोबत नवे प्रश्न घेऊन जातो.

२१/
याचे फळ पाहायचे तर २०१७ आठवावे. सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह भारतीय चमूने शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. चमूत आयुका व पुण्याच्या आयसरचे संशोधक होते, जमशेदपूरच्या एनआयटीचे होते आणि केरळातील तोडुपुळा या गावच्या न्यूमन महाविद्यालयातील एक अध्यापकही होते. गावातले महाविद्यालय आणि विश्वातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात रचनांपैकी एक यांच्यातील अंतर सामायिक संस्थेने कमी केले.

२२/
आता थोडे अनपेक्षित वळण. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकजालाने जोडण्याचा कार्यक्रम आयोगाने १९९१ मध्ये हाती घेतला: इन्फ्लिबनेट. स्वतंत्र संस्था होण्यापूर्वी तो आयुकाच्या अंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झाला होता. १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झाले. आज त्याचे मुख्यालय गांधीनगरला आहे.

२३/
‘शोधगंगा’ याच केंद्राची. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि ग्रंथालयांच्या तळघरांत पडून राहणारे प्रबंध सर्वांना वाचता येऊ लागले. आज तेथे काही लाख प्रबंध आहेत. मराठवाड्यातील जमीन-महसुलावरचा प्रबंध वाचण्यासाठी माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला आता त्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला विनंतीपत्र लिहावे लागत नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या छपराखाली सुरू झालेल्या कामाचे ऋण इतिहासाच्या अभ्यासकांवर आहे, ते असे.

२४/
या व्यवस्थेवरचा आक्षेपही नोंदवायला हवा. आंतरविद्यापीठ केंद्रे स्वायत्त आहेत. ती विद्यापीठांच्या आवारात वा शेजारी असली तरी विद्यापीठाचे विभाग नाहीत. उत्तम यंत्रे आणि उत्तम माणसे पुन्हा कुंपणापलीकडेच गेली, असे कोणी म्हणेल. साहा यांचा जुना प्रश्न येथे पुरता सुटलेला नाही. केंद्रात आठ दिवस काम करून परतलेल्या अध्यापकाला स्वतःच्या विभागात साधा संगणक वा मोकळा वेळ मिळत नसेल, तर त्या आठ दिवसांचे मोल आटते.

२५/
कुंपणाच्या आतही किल्लीचा प्रश्न आहेच. एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून यंत्र येते, एका खोलीत बसते, प्रकल्प संपतो आणि खोलीला कुलूप लागते. हे ओळखूनच जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू केले. सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणे कोठे आहेत हे कळावे आणि इतर संशोधकांना ती वापरता यावीत, हा हेतू. यादी आवश्यकच होती. पण यादी म्हणजे किल्ली नव्हे.

२६/
दीडशे वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. सुविधा सामायिक होण्यासाठी यंत्रापलीकडे चार गोष्टी लागतात: वेळवाटपाचा उघड नियम, यंत्र सांभाळणारा कायमचा जाणकार, परगावच्या माणसाला मुक्कामाची सोय आणि विद्यार्थ्याला झेपेल असे शुल्क. यांतील एक जरी निखळली, तरी दारावरची ‘सर्वांसाठी खुले’ ही पाटी पाटीच राहते.

२७/
अंदाजपत्रकात यंत्राच्या खरेदीचा आकडा ठळक दिसतो. तंत्रज्ञाचे वेतन, देखभालीचा करार, विश्रामगृहाची खोली हे खर्च किरकोळ मानले जातात आणि कात्री प्रथम त्यांवरच चालते. बहूबाजारात रामन यांच्या आधीही उपकरणे होतीच. ती वापरणारा माणूस, त्याला साथ देणारा आशुतोष डे आणि त्याला आत येऊ देणारी संस्था हे तिन्ही एकत्र आले, तेव्हा इतिहास घडला.

२८/
आपल्या विद्यापीठात असे मध्यवर्ती उपकरण केंद्र असेल, तर ते एकदा अवश्य पाहून या. त्याचे नियम वाचा, शुल्क विचारा, आणि यंत्र चालवणाऱ्या माणसाचे नाव जाणून घ्या. विद्यापीठाचा इतिहास लिहिताना हे नाव सुटू नये.

#इतिहास #विद्यापीठ #संशोधन