राजशेखराचे कान, अवंतिसुंदरीचे मत

नवरा एका मुलखातला, बायको दुसऱ्या. त्यांच्या बोलण्यातील फरक हा आपल्याकडे विनोदी लेखनाचा ठरीव ऐवज. काव्यशास्त्राने मात्र अकराशे वर्षांपूर्वीच त्याची गंभीर दखल घेतली होती.

राजशेखर हा यायावर घराण्यातला. अकालजलद या आपल्या पूर्वजाला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो. इ. स. ९००च्या सुमारास तो कनोजला प्रतीहार राजा महेंद्रपालाच्या आश्रयाला होता. पत्नी अवंतिसुंदरी चाहमान, म्हणजे चौहान, कुळातली. तिच्याच इच्छेवरून ‘कर्पूरमंजरी’चा प्रयोग होत आहे असे प्रस्तावनेत सांगितले आहे, आणि हे सट्टक सबंध प्राकृतात आहे.

या गृहस्थाचे कान फार तिखट. ‘काव्यमीमांसे’च्या सातव्या अध्यायात तो प्रांतोप्रांतीच्या काव्यपठनाची झडती घेतो. कर्णाटातले लोक प्रत्येक ओळीच्या शेवटी टणत्कार काढतात. द्रविड गद्यही गाऊनच म्हणतात. लाटांना संस्कृताचे वावडे, पण प्राकृत त्यांच्या जिभेवर शोभते. काश्मिरी कवीचे पठन म्हणजे कानात गुळवेलीच्या रसाची चूळ! मध ओघळतो तो एकट्या पांचालांच्या वाणीतून. कनोज पांचालातच होते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

याच ग्रंथात तो पत्नीचे मत नावानिशी तीनदा नोंदवतो. एकही शब्द हलवता येऊ नये, यालाच वामनाचे अनुयायी काव्याचा ‘पाक’ म्हणत. अवंतिसुंदरी म्हणते, हा पाक नव्हे, ही असमर्थता. थोर कवींच्या हाती एकाच आशयाचे अनेक पाठ परिपक्व ठरतात. उच्चारांची प्रतवारी लावणाऱ्या ग्रंथात हे मत बसले आहे, आणि माझ्या मते ते त्या प्रतवारीहून अधिक खोल आहे.

तिसऱ्या अध्यायातली कथा तर थेट दांपत्याचीच. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि ती देशोदेशी त्याच्या मागे गेली. पूर्वेकडे तो वश झाला नाही. तेव्हा तो जे समासप्रचुर, अनुप्रासांनी भरलेले बोलला ती गौडी रीती. पांचालात थोडा विरघळला. समास आटोपले, ती पांचाली. दक्षिणेत पुरता वश झाला आणि समास गळून पडले, ती वैदर्भी. प्रादेशिक रीतींचा उगम इथे भूगोलाइतकाच जवळिकीत आहे: मन जितके दूर, तितका समास लांब. आपण वर्गात तिन्ही रीतींची लक्षणे पाठ करून घेतो आणि हे जोडपे नेमके गाळतो. त्यांचा गांधर्वविवाह झाला तो विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला.

अवंतिसुंदरीचे नाव पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त पुन्हा भेटते. अभ्यासक तिला राजशेखराचीच पत्नी मानतात. तिथे विषय आहे देशी शब्दांचा, आणि काही शब्दांच्या अर्थांबाबत हेमचंद्र तिचे वेगळे मत नोंदवतो.