घरगुती बिनतारी जाळे

घरात आलेली इंटरनेट जोडणी रेडिओलहरींच्या साहाय्याने मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादी साधनांना एकाच वेळी पुरवणाऱ्या व्यवस्थेस घरगुती बिनतारी जाळे म्हणतात. व्यवहारात ते वायफाय या नावाने ओळखले जाते. या तंत्राचे पहिले मानक, आयईईई ८०२.११, १९९७ साली प्रसिद्ध झाले. संकेतस्थळ उघडण्यास क्षणभर उशीर झाला तर तो जाणवत नाही. चित्रफितीला मात्र अखंड पुरवठा लागतो. त्यामुळे जाळ्यातील उणीव प्रथम तेथेच उघडी पडते.

== आवश्यक वेग ==
नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार १०८० रेषांच्या चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट, तर फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरेसा असतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो, हे ध्यानात न घेतल्याने अनेकांचा हिशेब चुकतो. ५ मेगाबिट वेगाने तासभर चाललेली चित्रफीत सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती वापरते; मोबाइलवरील रोजची दीड गिगाबाइटची मर्यादा चाळीस मिनिटांतच संपते. वेग घटल्यास बहुतेक सेवा चित्र थांबवण्याऐवजी त्याचा दर्जा आपोआप उतरवतात. फळ्यावरील बारीक अक्षरे धूसर होतात, ती याच कारणाने.

== लहरींचे पट्टे ==
वायफाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही खुला केला. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतीतून अधिक पार जातात. परंतु त्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ व ११) असून ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही त्यात व्यत्यय येतो. दुसरा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दुबळा होतो. राउटर व संच एकाच खोलीत असल्यास दुसरा पट्टा निवडणे केव्हाही चांगले.

== वाशीम जिल्ह्यातील संदर्भ ==
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा सहा तालुक्यांचा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. त्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. केंद्राच्या भारतनेट योजनेचा उद्देश ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा आहे. तेथून घरापर्यंतचे आणि घरातल्या घरातले अंतर वेगळेच राहते. नीट किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी गावी राहूनच करणाऱ्या विद्यार्थ्याचा तास बुडतो तो पुष्कळदा या शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत.

जुन्या घरांच्या जाड भिंती लहरी शोषतात, तर टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट व गोदरेजची तिजोरी त्या परावर्तित करतात. पाण्याची टाकीही मोठा अडथळा ठरते. जोडणी देणारा बहुधा तार जिथे आत येते तिथेच, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, राउटर टांगून जातो. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर असावा. दोष कुठे आहे हे शोधण्याचा उपाय सोपा आहे: प्रथम राउटरजवळ उभे राहून वेग मोजावा, नंतर आतल्या खोलीत. पहिला आकडा चांगला आणि दुसरा हलका असल्यास महागडी योजना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

दूरचित्रवाणी संच सहसा जागचा हलत नाही. त्याला 'कॅट ५ ई' प्रतीची तार थेट जोडणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग वाहून नेऊ शकते. एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर तोच संदेश ऐकून पुन्हा पाठवत असल्याने उपलब्ध वेग जवळपास निम्मा करतो. दुमजली घरात वरच्या मजल्यावर तारेने जोडलेला दुसरा राउटर त्याहून सरस ठरतो.

== वीजपुरवठा ==
वीज गेली की जोडणी जिवंत असूनही जाळे बंद पडते. अनेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. अशांसाठी छोटा डीसी यूपीएस काही तास पुरतो. मात्र फायबरची पेटी वेगळी असल्यास तिलाही स्वतंत्र आधार द्यावा लागतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, तरी मृगापूर्वीच्या वादळात विजेचा आघात अडॅप्टरमार्गे आत येऊ शकतो, म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवणे इष्ट.