सौर मोटारगाडीचे दूरप्रवास

सौर घटांनी निर्माण केलेल्या विजेवर चालणाऱ्या वाहनांतून केलेले लांब पल्ल्याचे प्रवास. वाहनाच्या अपुऱ्या छतावर मात करण्याच्या प्रयत्नांतून त्यांचा इतिहास घडला आहे. निरभ्र दुपारी १ चौ. मी. क्षेत्रावर सु. १ किवॉ. प्रारण पडते व चांगले घट त्याच्या सु. पंचमांशाचे विजेत रूपांतर करतात. मोटारगाडीच्या छतावर २ ते ३ चौ. मी. जागा मिळते. तेथून दिवसाकाठी येणाऱ्या २–३ किवॉ. तास ऊर्जेवर नेहमीच्या आकारमानाची विजेची मोटारगाडी सु. १५ ते २० किमी. जाते.

जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी १९५५ मध्ये शिकागो येथे सौर घटांवर धावणारी गाडी दाखविली, पण ती जेमतेम ३८ सेंमी. लांबीची प्रतिकृती होती. पहिला खरा दूरप्रवास ऑस्ट्रेलियात झाला. हान्स थोल्स्ट्रुप आणि लॅरी पर्किन्स हे १९ डिसेंबर १९८२ रोजी पर्थहून निघाले व सु. ४,००० किमी. अंतर २० दिवसांत तोडून ७ जानेवारी १९८३ रोजी सिडनीस पोहोचले. त्यांच्या ‘क्वाएट अचीव्हर’ या गाडीचा सरासरी वेग ताशी सु. २३ किमी. होता. या यशातून थोल्स्ट्रुप यांनी डार्विन ते ॲडिलेड ही सु. ३,००० किमी.ची शर्यत सुरू केली. १९८७ साली ती जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ने ताशी सु. ६७ किमी. वेगाने जिंकली. पाच वर्षांत वेग जवळजवळ तिपटीने वाढला, तो मुख्यतः हलकी बांधणी व हवेचा रोध कमी करणारा आकार यांमुळे. मात्र अशा गाडीत चालकाव्यतिरिक्त कोणाला वा कशाला जागा नसते.

उपयुक्त वाहन हवे असल्यास सूर्यावरच विसंबता येत नाही, हे पुढील प्रवासांवरून दिसते. स्वित्झर्लंडच्या लुई पामर यांनी २००७-०८ मध्ये सौर टॅक्सीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यासाठी सौर घटांचा वेगळा गाडा मागे ओढावा लागला. २०१५ मध्ये कर्नाटकातील सय्यद सज्जन अहमद यांनी स्वतः बनविलेली गाडी बंगलोरहून दिल्लीस नेली. तीवर प्रत्येकी १०० वॉटच्या पाच सौर पट्ट्या होत्या. पुढील वर्षी नवीन रबेली यांनी फेरबदल केलेली रिक्षा बंगलोरहून मुंबईस, तेथून जहाजाने इराणला व पुढे रस्त्याने लंडनला नेली. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी २६ नोव्हेंबर २०२० रोजी भोपाळहून सौर बसमधून देशभर प्रवासास निघाले. बसमधील दिवे, पंखे व स्वयंपाक सौर विजेवर होता. चाके मात्र डीझेलवर फिरत. या तडजोडीतून छताची मर्यादा जितकी स्पष्ट होते, तितकी शर्यतींतून होत नाही.

पुण्यातील एका कंपनीने २०२३ मध्ये ‘एवा’ ही लहान मोटारगाडी प्रदर्शित केली. तिच्या छतावरील सौर विजेवर वर्षाला कमाल ३,००० किमी., म्हणजे दिवसाला सरासरी सु. ८ किमी., प्रवास होईल असे सांगण्यात आले. उल्हासनगरहून अंबरनाथमार्गे बदलापूरला जाण्याचे अंतर लोहमार्गाने सु. १० किमी. आहे. म्हणजे या पट्ट्यातील रोजच्या एकेरी फेरीलाही ही वीज थोडी अपुरी पडते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ असल्याने त्या महिन्यांत ही तूट आणखी वाढते. ती घरच्या विजेने भरून काढावी लागते.