कुरेशी, शाह महमूद
कुरेशी, शाह महमूद : (२२ जून १९५६– ). पाकिस्तानी राजकारणी व दोन वेळा परराष्ट्रमंत्री. जन्म मरी (पंजाब) येथे. मुलतानमधील सूफी संत बहाउद्दीन झकारिया यांच्या दर्ग्याच्या सज्जादानशीन (वंशपरंपरागत प्रमुख) घराण्यातील. वडील सज्जाद हुसेन कुरेशी पंजाबचे राज्यपाल होते. शिक्षण लाहोर व केंब्रिज येथे.

१९८५ मध्ये ते पंजाब प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. १९८८ व १९९० मध्येही त्यांनी जागा राखली. नवाझ शरीफ यांच्या गटात असताना ते प्रांताचे अर्थमंत्री झाले. १९९३ मध्ये पाकिस्तान पीपल्स पार्टीत प्रवेश करून ते राष्ट्रीय सभेवर (कनिष्ठ सभागृह) गेले व बेनझीर भुट्टो यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले. १९९७ मध्ये पराभूत झाले. पुढे मुलतानचे जिल्हा नाझिम (जिल्हा प्रशासनाचे निर्वाचित प्रमुख) झाले आणि २००२ मध्ये राष्ट्रीय सभेत परतले.

२००८–११ या काळात ते परराष्ट्रमंत्री होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा ते चर्चेसाठी नवी दिल्लीतच होते. २०११ मध्ये ते इम्रान खान यांच्या तहरीक-ए-इन्साफ पक्षात गेले. २०१८ मध्ये राष्ट्रीय सभेची जागा जिंकली, मात्र प्रांतिक जागेवर अपक्षाकडून हरले. त्यामुळे पंजाबच्या मुख्यमंत्रिपदाची संधी हुकली. २०१८–२२ मध्ये ते पुन्हा परराष्ट्रमंत्री होते. गुप्त राजनैतिक तार (संदेश) प्रकरणाच्या खटल्यात जानेवारी २०२४ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जूनमध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने ती रद्द केली.