मुंबईतील प्लेग आणि रुग्णालयाची भीती

रोग शरीराला होतो. पण रुग्ण समाजात राहतो. मुंबईचे उदाहरण पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथे प्लेग आढळला. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावरच हल्ला केला. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरोघर झडत्या होऊ लागल्या आणि लोक रुग्णांना लपवू लागले.

हे निव्वळ अज्ञान होते का? नाही. घरच्यांपासून ताटातूट, परजातीच्या हातचे अन्नपाणी, परपुरुषाकडून स्त्रियांची तपासणी आणि अंत्यविधीची चिंता ही त्या भीतीची कारणे होती. पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली, तेव्हा लोक तेथे जाऊ लागले. खात्रीचा उपचार तेथेही नव्हता. आपली माणसे मात्र होती. अर्थात, या सोयीने जातीची भिंत रुग्णालयातही आणली.

म्हणून तो विश्वास जातपात न पाहता प्रत्येक रुग्णाला देणे, हे परिचारिकेचे काम ठरते. उद्या कोणी दाखल व्हायला नकार दिला, तर त्याला अडाणी ठरवण्यापूर्वी विचारा: तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?