सिद्दी बायांची कवंदी

जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या हमरस्त्यावर सोळाव्या शतकात माणसांचा लिलाव होत असे. 1583 साली गोव्यात आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने तो बाजार पाहून लिहून ठेवला आहे. घोडे, दागिने, आणि त्यांच्याच रांगेत जहाजांतून आणलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष.

निसटलेले गुलाम घाट चढून रानात शिरले. पोर्तुगीज मुलूख तेव्हा लहानच होता. डिचोली, पेडणेसुद्धा अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेले. हद्द ओलांडली की राज्य दुसऱ्याचे. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलांतले आजचे बरेच सिद्दी त्या निसटलेल्या गुलामांचे वंशज. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरची बोली मात्र कोकणी-मराठीच्या जवळची.

या वस्त्यांतल्या बाया शिवतात ती कवंदी, म्हणजे गोधडी. वापरून विटलेले कपडे फाडून तुकडे करायचे, एका कोपऱ्यापासून टाके घालायला लागायचे आणि कडेकडेने फिरत मध्यावर येऊन थांबायचे. आधी आखणी नाही, मापपट्टी नाही. चारी कोपऱ्यांना घडीच्या चिंध्यांचे फूल हवेच. ते नसेल तर कवंदी उघडी दिसते, असे शिवणाऱ्या मानतात. ख्रिस्ती बाई क्रूस लावते, मुसलमान बाई चंद्रकोर. पिढ्यान्पिढ्या हे काम घरच्यांसाठी, नातवंडांच्या उबेसाठी चालले.

2004 साली अमेरिकन कला-अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या मदतीने सिद्दी बायांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली. तिन्ही धर्मांच्या बाया एका संस्थेत आल्या आणि विक्रीचा पैसा शिवणारीच्या हातात पडू लागला. माझ्या मते खरी कमाई पहिली, हे एकत्र येणे.

अमेरिकेतही असे घडले होते. अलाबामातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी 1966 साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या लढ्याचे ते दिवस. मतदानासाठी नाव नोंदवले म्हणून कुटुंबांची रोजीरोटी, राहती घरे जात होती. गोधड्यांच्या पैशाने त्यांना तग धरता आला. दोन दूरच्या खंडांत, एकमेकींची ओळखदेख नसताना, गुलामांच्या लेकीसुनांनी चिंध्यांतूनच आधार उभा केला.

2011 साली सिद्दी कवंद्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शोम्बर्ग केंद्रात मांडल्या गेल्या. हल्याळ तर गोव्यापासून काही तासांवरच आहे. ज्या शहरात या बायांच्या पूर्वजांचा लिलाव झाला, त्या जुन्या गोव्यातल्या संग्रहालयात एक तरी कवंदी, शिवणारीच्या नावासह, लागायला हवी.